फलाटावरचा माणूस आणि डब्यातला माणूस

वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर अग्रलेख यावा असे काल या शहरात काहीही घडले नाही. कोठे पूल कोसळला नाही, कोठे दंगल उसळली नाही, कोणा मंत्र्याने राजीनामा दिला नाही. सकाळी गाड्या सुटल्या, त्यांतून लक्षावधी माणसे कामावर गेली आणि रात्री बहुतेक सर्व घरी परतली. ‘बहुतेक’ हा शब्द आम्ही विचारपूर्वक योजला आहे. मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर २०२३ साली अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २०२४ साली हा आकडा किंचित खाली आला, तरी दिवसाची सरासरी सहांच्या वरच राहिली. म्हणजे ज्या दिवशी या शहरात ‘काहीही घडत नाही’ त्या दिवशीही सरासरीने सहा-सात घरांत रात्रीचे ताट वाढून ठेवलेले तसेच राहते. आजचा अग्रलेख पहिल्या पानावर आहे तो याच कारणासाठी.

‘रोज मरे त्याला कोण रडे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यातील निष्ठुरपणा आपण मुंबईकरांनी जितका अंगी बाणवला आहे तितका क्वचितच कोणी बाणवला असेल. या दोषातून आम्ही स्वतःला वगळीत नाही. रुळांवरील मृत्यूची वार्ता वृत्तपत्रे आतल्या पानावर चार ओळींत उरकतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एलफिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली तेव्हा सारा देश हळहळला, आणि ते योग्यच झाले. परंतु जवळजवळ तितकीच माणसे या लोहमार्गांवर दर तीन-चार दिवसांनी मरतात आणि कोणी हळहळत नाही. कारण ती एका पुलावर, एका वेळी मरत नाहीत. या मृतांत आजाराने कोसळणारे आहेत, आत्मघात करणारेही आहेत, हे खरे. तथापि सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडताना मरणाऱ्यांचा आहे, आणि शेकडो माणसे दरवर्षी धावत्या गाडीतून पडून मरतात. गाडीतून पडणारा माणूस हौसेने दारात उभा राहिलेला नसतो. आत पाऊल ठेवायला जागा नसते, आणि वेळेवर न पोहोचल्यास पगार कापला जातो, म्हणून तो तेथे लोंबकळत असतो.

उपनगरी गाडीत किती माणसे मावतात याचा हिशेब करण्यासाठी रेल्वेच्या परिभाषेला मुंबईपुरता एक वेगळा शब्दप्रयोग घडवावा लागला. एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा उभे प्रवासी, असे त्याचे माप आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चौकोन आपल्या दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने आखावा आणि त्यात शेजारच्या दोन-तीन कुटुंबांना उभे करून पाहावे, म्हणजे या मापाचा अर्थ ध्यानी येईल. उपनगरी प्रवाशांना जनावरांसारखे कोंबून न्यावे लागते याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली भर सुनावणीत उद्वेग व्यक्त केला. न्यायमूर्तींना जे ऐकून लाज वाटली ते आपण रोज अंगावर सोसतो. पण त्याची लाज वाटण्याची सवय मात्र आपली केव्हाच मोडली आहे.

मृत्यूचा विचार क्षणभर बाजूस ठेवू. जो जिवंत घरी येतो त्याचे काय होते, हेही पाहावयास हवे. डोंबिवली, बदलापूर किंवा विरार येथे राहणारा आणि दक्षिण मुंबईत काम करणारा साधा नोकरदार दिवसाचे तीन तास तरी जाण्यायेण्यात घालवितो. वर्षाला तीनशे दिवस धरले तर हे नऊशे तास झाले. तीस वर्षांच्या नोकरीत सत्तावीस हजार तास, म्हणजे अहोरात्र मोजली तर तीन वर्षांहून अधिक काळ! एखाद्या गुन्हेगाराला न्यायाधीशाने तीन वर्षांची सक्तमजुरी ठोठावली तर त्याला अपील करण्याचा हक्क असतो. आमच्या कारकुनाला, परिचारिकेला, शिक्षकाला ही शिक्षा कोणत्याही गुन्ह्याविना, आणि दरमहा पासाचे पैसे स्वतः भरून, भोगावी लागते. ती शिक्षा एकटा तोच भोगीत नाही. मुलाचा अभ्यास घ्यायचा राहून जातो, म्हाताऱ्या आईची विचारपूस उद्यावर जाते, सतरंजी घालून चार मित्रांनी बसावे, पेटी काढावी, पुस्तक वाचावे हे सारे ‘रविवारी पाहू’ या सदरात जमा होते; आणि रविवारी मेगाब्लॉक असतो.

हे सर्व सोसण्याच्या आमच्या शक्तीचे वारेमाप कौतुक होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि माणसे कमरेएवढ्या पाण्यातून रात्रभर चालत घरी गेली. मुंबईकरांच्या हिमतीला सलाम झाले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे पुन्हा त्याच गाड्यांत चढली. पुन्हा सलाम झाले. संकटकाळी अनोळखी माणसाला घरात घेणारे हे शहर आहे, आणि त्या गुणाचा आम्हांला अभिमान आहे. परंतु स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्या माणसाला विचारले असते तर त्याने एवढेच सांगितले असते की, न जाऊन चालत नाही. निरुपायाला शौर्य म्हणून गौरविले की ज्याने उपाय करावयाचा त्याची सुटका होते. सोशिकपणा हा व्यक्तीचा सद्गुण खरा. संपूर्ण शहराने तो अंगी बाणवला तर तो कारभाऱ्यांच्या पथ्यावर पडतो.

येथवर आम्ही जे लिहिले त्याला बहुतेक वाचक मान डोलावतील. आता जे लिहिणार आहोत ते कदाचित रुचणार नाही. परंतु ते लिहिल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

सकाळच्या गर्दीत फलाटावर उभा असलेला माणूस पाहा. गाडी येते, दारात माणसांची भिंत असते आणि तो जिवाच्या आकांताने ओरडतो, ‘आत सरका हो, आत बरीच जागा आहे!’ कसाबसा तो आत घुसतो. पुढचे स्थानक येते. तेथेही फलाटावर तसाच एक माणूस उभा असतो आणि तोही तेच ओरडतो. तीन मिनिटांपूर्वी आत आलेला आपला हा गृहस्थ आता दाराकडे पाठ घट्ट करून म्हणतो, ‘जागा नाही, मागची गाडी पकडा!’ माणूस तोच, डबा तोच, गर्दीही जवळजवळ तेवढीच. बदल एवढाच की, तो फलाटावरचा होता आणि आता डब्यातला झाला. त्यासरशी त्याचे सत्य बदलले. या शहराच्या दुरवस्थेचे मूळ आम्हांला या तीन मिनिटांत दिसते.

हाच माणूस स्वभावाने दुष्ट असतो म्हणावे, तर तसेही नाही. तिघांच्या बाकावर सरकून चौथ्याला अर्धी मांडी टेकू देणारा तोच असतो. उभ्या माणसाची पिशवी न सांगता मांडीवर घेणारा तोच. महिलांच्या डब्यात तर याहून सुंदर रीत आहे. आत शिरलेली बाई बसलेल्या बाईला विचारते, ‘कुठे उतरणार?’ आणि त्या एका प्रश्नाने तिचा त्या जागेवरचा क्रम ठरतो. मध्येच दुसरी कोणी ती जागा बळकावू पाहील तर सारा डबा न्यायासनावर बसतो. हा कायदा कोणत्या विधिमंडळाने केला नाही आणि तो मोडण्याची सोय कोणत्याही वकिलाला नाही. डोळ्यांसमोर माणूस असला, त्याचा चेहरा दिसला की आपण न्यायाने वागतो. दाराबाहेर मात्र आपल्याला माणूस दिसत नाही, गर्दी दिसते. आणि आपणही कोणाच्या तरी दृष्टीने गर्दीच आहोत, याचा विसर पडतो.

गाडी सोडून शहराकडे वळावे तर तेथेही हाच डब्यातला न्याय चालतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. आधीच्या भाडेकरूंना, म्हणजे आमच्या तुमच्या आजोबांना, त्याने संरक्षण दिले. परंतु भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे त्यानंतर कोणाच्याही फायद्याचे राहिले नाही, जुन्या चाळींची डागडुजी थांबली, आणि नंतर आलेल्या पिढ्यांना ‘मागची गाडी पकडा’ असे सांगण्यात आले. ती मागची गाडी डोंबिवलीला, बदलापूरला, नालासोपाऱ्याला जाते. झोपडीवासीयांबाबत तर दार मिटण्याची तारीखच ठरवून देण्यात आली: १ जानेवारी १९९५, मग १ जानेवारी २०००, त्यापुढे २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. प्रत्येक तारखेच्या आतला तो नागरिक, बाहेरचा तो अतिक्रमक! ज्यांनी स्वतःच्या मोटारी घेतल्या त्यांना पदपथ अरुंद झाल्याचे कळत नाही, कारण ते त्यावरून चालत नाहीत. ज्यांच्या संकुलात पाण्याचे खासगी टँकर येतात त्यांना नळाची चिंता उरत नाही. आपल्यापैकी जो जो थोडा वर चढतो तो तो सार्वजनिक सोयीतून अंग काढून घेतो, आणि जाताना आपला आवाजही बरोबर नेतो. मागे राहतात ते ज्यांचा आवाज कोणापर्यंत पोहोचत नाही.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: ‘काय करणार, लोकसंख्याच एवढी!’ हे उत्तर सोयीचे असल्यामुळे ते तपासण्याच्या भरीस कोणी पडत नाही. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची वस्ती सव्वा कोटीच्या आसपास भरली, हे खरे. परंतु त्याच जनगणनेने आणखी एक गोष्ट सांगितली. कुलाबा ते माहीम-शीव या जुन्या शहराची वस्ती २००१ साली तेहतीस लाखांवर होती, ती २०११ साली एकतीस लाखांच्या आत आली. जेथे कचेऱ्या दाटल्या आहेत तेथील माणसे कमी झाली. आणि त्याच वेळी ठाणे जिल्हा, तेव्हाच्या सीमांप्रमाणे, एक कोटी दहा लाखांचा, देशातील सर्वांत मोठ्या वस्तीचा जिल्हा ठरला. माणूस एकीकडे आणि त्याचे काम दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. गाडीतली गर्दी मुख्यतः या अंतराने निर्माण केली. हे अंतर पाळण्यात ठरत नाही. ते सचिवालयात आणि महापालिकेत ठरते.

एलफिन्स्टनच्या पुलाचीच कथा घ्या. परळ-लालबागचा गिरणी कामगार चाळीतून चालत गिरणीत जात असे. भोंगा ऐकू येईल इतके त्याचे घर जवळ होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात ओढले गेले. कित्येक गिरण्या पुन्हा धडपणे चालल्याच नाहीत. त्या जमिनींचे काय करावे याचा नियम १९९१ साली झाला: साधारणपणे एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, एक तृतीयांश मालकांना. २००१ साली त्या नियमाचे शब्द बदलले आणि वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. परिणामी जेथे चालत येणारे कामगार होते तेथे काचेचे मनोरे उभे राहिले आणि त्यांत गाडीने येणारे नोकरदार भरले. मनोऱ्यांना परवानग्या मिळाल्या. पण या नोकरदारांनी ज्या पुलावरून उतरायचे तो पूल होता तेवढाच राहिला. रुंद पुलाची मागणी झाली होती, तो मंजूरही झाला होता. तो कागदावर होता आणि माणसे जिन्यावर होती. पुढचा भाग आपल्याला ठाऊक आहे. २३ माणसे मेल्यानंतर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी नवा पूल खुला झाला. वर्षानुवर्षे जे होत नव्हते ते पाच महिन्यांत झाले. पूल बांधणे अवघड नव्हते, हे त्यावरून सिद्ध झाले. आणि तो आधी का बांधला नाही याचे उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

हाच प्रमाद मोठ्या प्रमाणावर पूर्वीही झाला होता. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. तिचे मर्म हे होते की, घरांबरोबर कामही पलीकडे जावे, आणि त्यासाठी राज्य सरकारने आपले बिऱ्हाड प्रथम हलवावे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई उभी राहिली. परंतु सरकार मात्र जागचे हलले नाही. उलट त्याच सुमारास नरीमन पॉइंटला समुद्रात भर घालून नव्या कचेऱ्यांची रांग उभारण्यात आली. लोकांना ‘आत सरका’ म्हणणारे सरकार स्वतः दारातच उभे राहिले! पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झाले. दोन लोहमार्गांच्या मधोमध हजारो नोकऱ्या नेऊन ठेवल्या. तेथपर्यंत पोहोचणारी भुयारी मेट्रो मात्र २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तोपर्यंत दोन पिढ्यांनी वांद्रे आणि कुर्ला स्थानकांबाहेर रिक्षांच्या रांगांत आपला संताप गिळला.

गर्दी ही अटळ नाही याचा एक पुरावा तर अलीकडचाच आहे. २०२० च्या मार्चअखेरीस साथीमुळे उपनगरी गाड्या सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या. ज्या कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे ‘साडेनऊच्या ठोक्याला या’ असा हट्ट धरला होता त्यांतील कित्येकांचे काम महिनोन्महिने घरातून, सोयीच्या वेळी, सुरळीत चालले. साथ ओसरताच बहुतेकांनी तो अनुभव दप्तरात बांधून ठेवला. २०२३ साली मध्य रेल्वेने मुंबईतील कार्यालयांना वेळा मागेपुढे करण्याची विनंती केली आणि आपल्या मुख्यालयापासून आरंभही केला. इतरांनी तिचा अंगीकार क्वचितच केला. यासाठी ना भूसंपादन लागत होते ना परदेशी कर्ज. व्यवस्थापकाने घड्याळाकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहणे, एवढाच काय तो खर्च होता. हे व्यवस्थापक आमच्याच वाचकवर्गातले आहेत, म्हणून येथे विशेष लिहीत आहोत.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दशकापूर्वी लोहमार्गांवरील मृत्यू वर्षाला तीन हजारांच्या वर होते. पूल, सरकते जिने आणि कुंपणे यांनी ते काही प्रमाणात कमी केले. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण झाली. परंतु या प्रगतीचा अर्थ नीट लावला पाहिजे. पूल बांधल्याने आणि कुंपण घातल्याने मृत्यू कमी झाले असतील, तर उरलेल्या मृत्यूंना नशीब म्हणण्याचा अधिकार कोणाला राहत नाही. जे टाळता येत होते आणि टाळले गेले नाही, त्याची जबाबदारी कोणाची तरी असतेच.

ती जबाबदारी शोधू गेल्यास मात्र नागरिकाचा फुटबॉल होतो. गाडी केंद्राची, बस महापालिकेच्या बेस्टची, मेट्रो राज्याच्या महामंडळांची, रस्ता कोणाचा हे खड्ड्यात पडल्यावर कळते. अंधेरीच्या गोखले पुलाचा काही भाग ३ जुलै २०१८ रोजी लोहमार्गावर कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल पूर्ण बंद झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली तेव्हा ती शेजारच्या बर्फीवाला पुलाच्या पातळीशी जुळत नाही असे आढळले! दोन पूल एकमेकांना भेटत नाहीत, कारण ते बांधणारी खाती एकमेकांना भेटत नाहीत. भरीस भर म्हणून ७ मार्च २०२२ रोजी महापालिकेची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षे या शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका होईपर्यंत देशातील सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या सहीने चालली. त्या चार वर्षांत किती मध्यमवर्गीय सोसायट्यांनी याविरुद्ध साधा ठराव केला? लोकशाही थांबली आणि आपल्याला ती थांबल्याचे जाणवलेही नाही, ही कबुली आपण स्वतःशी तरी दिली पाहिजे.

पैसा नाही, ही सबब या महापालिकेला शोभत नाही. २०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर होता. प्रश्न तो कोणाकडे वळतो हा आहे. सागरी किनारा रस्त्याच्या पहिल्या टप्प्यावर चौदा हजार कोटींच्या आसपास खर्च झाला. तो रस्ता देखणा आहे आणि त्यावरून जाणाऱ्याचा वेळ वाचतो, हे कोणी नाकारणार नाही. परंतु त्यावरून जातात ते मुख्यतः मोटारवाले. त्याच काळात चार हजारांहून अधिक गाड्या बाळगणाऱ्या बेस्टचा ताफा २०२५ साली तीन हजारांच्याही खाली गेला, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा झाले. बस कमी आणि भाडे दुप्पट! थांब्यावर पाऊण तास उभी असलेली स्वयंपाकीण वा औषधांच्या दुकानातला नोकर यांना या शहराच्या वैभवात कोणता वाटा मिळाला, हे त्यांनीच सांगावे.

आमच्या मागण्या भव्य नाहीत. बेस्टचा ताफा पूर्वीच्या संख्येवर न्यावा आणि मुख्य रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका राखावी. कोणत्याही नव्या कचेरी-मनोऱ्याला परवानगी देण्यापूर्वी तेथे येणाऱ्या माणसांचे पूल, जिने आणि पदपथ तयार आहेत काय हे पाहावे. नसतील तर परवानगी थांबवावी. कामाच्या जागांजवळ भाड्याने मिळणारी, सामान्य पगारात परवडणारी घरे बांधावीत. सरकारी कचेऱ्यांनी वेळा मागेपुढे करून खासगी कचेऱ्यांना उदाहरण घालून द्यावे. आणि लोहमार्गावरील प्रत्येक मृत्यूची चौकशी करून, तो कोठे व कशामुळे झाला आणि त्यावर काय केले, हे दरमहा जाहीर करावे. निवडून आलेल्या नगरसेवकांनी, आमदारांनी आणि खासदारांनी महिन्यातून एक दिवस सकाळी साध्या डब्यातून, लवाजम्याविना प्रवास करावा, अशीही सूचना करण्याचा मोह होतो. परंतु त्या दिवशी त्यांच्यासाठी फलाट रिकामा करण्यात येईल, या भीतीने आम्ही ती आवरती घेतो.

९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसे खाली पडली आणि त्यांतील काही जणांचा जीव गेला. त्यानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप मिटणारे दरवाजे बसविण्याची घोषणा झाली. दरवाजे अवश्य बसवावेत. त्यांनी जीव वाचतील. परंतु दार मिटल्यावर फलाटावर जो राहील त्याचे काय, हा प्रश्न दारापाशीच संपत नाही. वातानुकूलित गाड्यांसाठी साध्या गाड्या कमी केल्या गेल्या तेव्हा ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरच्या प्रवाशांनी रुळांवर येऊन हाच प्रश्न विचारला होता. गाड्या वाढल्या नाहीत आणि अंतर कमी झाले नाही, तर मिटलेले दार आतल्यांना सुरक्षित करील आणि बाहेरच्यांना अदृश्य करील. मृत्यूचा आकडा उतरेल, फलाटावरची गर्दी वाढेल, आणि तिची बातमी तर आतल्या पानावरही येणार नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा ती पाहण्यासाठी लोक दुतर्फा जमले होते. आज पाऊणशे लाखांच्या जवळपास माणसे रोज त्या रुळांवरून जातात, आणि एकमेकांकडे पाहण्याचीही उसंत कोणाला नाही. उद्या सकाळी आपण गाडीत चढू, कसेबसे आत शिरू, आणि पुढच्या स्थानकावर कोणीतरी ‘आत सरका हो’ म्हणून हाक घालील. त्याच्यासाठी चार बोटे सरकता आले तर सरकावेच; पण तेवढ्याने भागणार नाही. डब्यात जागा मिळालेल्या माणसाने फलाटावर राहिलेल्या माणसासाठी गाडी मागितली पाहिजे. ज्या दिवशी हे शहर असे मागू लागेल त्या दिवशी कारभाऱ्यांना आमच्या सोशिकपणाचे गोडवे गाता येणार नाहीत. तोपर्यंत रोज सहा-सात घरांत ताट वाढून ठेवलेले राहील, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही लिहू की, काल शहरात विशेष असे काही घडले नाही.